निळवेलीची नवलफुले : परसबागेतील लागवड आणि बी-जतन

परसबाग म्हटली म्हणजे वांगी, मिरची, अळू, कोथिंबीर आणि कुंपणावर चढलेला वाल किंवा दोडका एवढेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे उभे राहते. घराला ताजी भाजी मिळावी हा परसबागेचा मुख्य हेतू होय, याबद्दल दुमत नाही. तथापि तुळशीवृंदावनाशेजारी चार फुलझाडे असावीत, पूजेला आणि डोळ्यांना दोन फुले मिळावीत, ही ओढही आपल्याकडे पुरातन आहे. या फुलझाडांत एक वेल अशी आहे की, तिला जागा थोडी लागते, खर्च जवळजवळ काहीच लागत नाही, आणि तरीही लक्षपूर्वक पाहणाऱ्यास ती बियाणे-निवडीचे व आनुवंशिकतेचे धडे घरच्या अंगणात देते. पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटणाऱ्या कर्ण्याच्या आकाराच्या फुलांची ही वेल बियाण्यांच्या दुकानांत ‘मॉर्निंग ग्लोरी’ या इंग्रजी नावाने मिळते. आपल्याकडे तिला ठिकठिकाणी निरनिराळी नावे आहेत. प्रस्तुत लेखात आपण तिला निळवेल म्हणू.

या वेलीच्या साध्या निळ्या फुलाचे वर्णन करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. तिच्या काही झाडांवर पट्टेदार, शिंतोड्यांची, पांढऱ्या काठाची, चिरलेल्या पाकळ्यांची किंवा गुलाबासारखी भरगच्च फुले येतात. ही नवलफुले कशी निर्माण होतात, ती परसात कशी वाढवावीत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती हातची जाऊ नयेत म्हणून बी कसे राखावे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

वेलीची ओळख

निळवेल ही रताळ्याच्या कुळातील वनस्पती होय. नाजूक पानांची व लाल चांदण्यांसारख्या फुलांची गणेशवेल, समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत पसरणारी मर्यादवेल, ओढ्याकाठी माजणारे बेशरम आणि शेतकऱ्यास त्रास देणारी चांदवेल ऊर्फ हरणखुरी, ही सर्व याच कुळातील मंडळी. पाच पाकळ्या एकमेकींस जोडून झालेला कर्णा आणि कळीवर छत्रीच्या घडीसारखा पडलेला पीळ, ही या भावंडांपैकी बहुतेकांची खूण आहे.

दुकानात ‘मॉर्निंग ग्लोरी’ म्हणून जे बी मिळते, ते नेहमी एकाच जातीचे असते असे नाही. त्यात मुख्यत्वे तीन जाती आढळतात. ज्या वेलीची पाने बहुधा तीन खंडांची व लवदार असतात, आणि फुलाखालील हिरवी दले लांब, निमुळती व केसाळ असतात, ती शास्त्रीय परिभाषेत ‘इपोमिया निल’. ज्या वेलीची पाने बहुधा हृदयाकृती व हिरवी दले आखूड असतात, ती ‘इपोमिया पर्पुरिया’. आणि जिचे खोड व पाने गुळगुळीत असून फूल आकाशी निळे असते, ती ‘इपोमिया ट्रायकलर’. यांपैकी नवलफुलांसाठी जगभर नावाजलेली जात पहिली होय. तिच्या नावातील ‘निल’ हा शब्द आपल्या ‘नील’ या शब्दाचाच अरबी-फारसीतून फिरून आलेला अवतार आहे. तिच्या काळ्या बियांना आपल्या औषधी परंपरेत कृष्णबीज किंवा काळादाणा म्हणतात व ते तीव्र रेचक म्हणून प्रसिद्ध आहे.

जपानातील छंद

हीच जात जपानात गेली तीही प्रथम औषध म्हणूनच. आठव्या शतकात, नारा येथे राजधानी असताना, चीनमधून तिचे बी तेथे पोहोचले. जपानी लोक तिला ‘आसागाओ’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘सकाळचा चेहरा’. पुढे कित्येक शतके ती एक साधी निळी वेल होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र तिचे भाग्य पालटले. इ. स. १८०६ मध्ये एदो, म्हणजे आजचे टोकियो, या शहरात भीषण आग लागली व मोठा भाग जळून गेला. शिताया भागातील मोकळ्या झालेल्या जमिनींवर माळ्यांनी आसागाओची लागवड केली. त्या असंख्य रोपांतून कोठे चिरलेले पान, कोठे विचित्र फूल असे नवनवे प्रकार दृष्टीस पडू लागले, आणि शहरवासीयांस त्यांचे वेड लागले. सरदारांपासून कारागिरांपर्यंत सर्व थरांतील माणसे या छंदात सामील झाली. इ. स. १८०४ ते १८३० हा या छंदाचा पहिला बहर आणि १८४८ ते १८६० हा दुसरा. दुसऱ्या बहरात, १८५४ साली, छत्तीस निवडक फुलांचे ‘आसागाओ सांजुरोक्कासेन’ हे रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले. त्यातील काही चित्रे पाहून ही एकाच जातीची फुले आहेत यावर विश्वास बसणे कठीण जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रुची पालटली व मोठ्या फुलांकडे वळली. २० सेंटिमीटरपेक्षा अधिक व्यासाची फुले तयार झाली. ‘दांजुरो’ नावाचे मातकट तपकिरी फूल तर एका नामांकित नटघराण्याच्या नावाने ओळखले जाते. टोकियोतील इरिया येथे दर वर्षी ६ ते ८ जुलै या तीन दिवशी आसागाओचा बाजार भरतो. हा बाजार १९१३ मध्ये बंद पडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

नवल कोठून येते?

एका रानटी निळ्या वेलीतून इतके प्रकार कसे निघाले, हा प्रश्न साहजिक आहे. येथे संकराचा वाटा अल्प असून मुख्य वाटा अचानक होणाऱ्या आनुवंशिक बदलांचा आहे. वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रांवर काही घटक असे असतात की, ते एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. असा घटक रंग उत्पन्न करणाऱ्या जनुकात शिरला तर तो जनुक बंद पडतो व फूल पांढरे होते. तो पाकळीच्या वाढीत कधी मधेच बाहेर पडला, तर त्या पेशीपासून पुढे झालेल्या भागात रंग परत येतो. पांढऱ्या पाकळीवरील निळे पट्टे आणि शिंतोडे म्हणजे या उड्यांच्या खुणा होत. घटक लवकर बाहेर पडला तर पट्टा रुंद होतो, उशिरा पडला तर नुसता ठिपका राहतो. म्हणूनच एकाच वेलीवरील दोन पट्टेदार फुले कधीही सारखी नसतात.

मक्याच्या कणसात एखादा ठिपकेदार दाणा शेतकऱ्यांनी पाहिलेला असतो. त्याचेही कारण हेच. मक्यातील या घटकांचा शोध लावणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषींना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आसागाओत हे घटक विशेष चंचल असल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि २०१६ मध्ये तिच्या पंधरा गुणसूत्र-जोड्यांवरील संपूर्ण आनुवंशिक मजकूर प्रसिद्ध केला.

अशा एकेका बदलाचा परिणाम लक्षात घेण्याजोगा असतो. साध्या निळ्या जातीची कळी जांभळट असते व उमलताना पाकळीतील रसाची आम्लता कमी होऊन ती निळी होते. ही क्रिया घडविणारा जनुक बिघडला की फूल जांभळेच राहते. दुसऱ्या एका बदलाने वेल आधाराभोवती गुंडाळण्याचे विसरते व खाली लोंबू लागते. गुरुत्वाकर्षणाची जाणीव ठेवणारे पेशींचे थर अशा वेलीच्या खोडात नीट तयार होत नाहीत, असे २००५ मध्ये सिद्ध झाले. आणखी एका बदलाने पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, स्त्रीकेसराच्या जागी आत पुन्हा नवे फूल सुरू होते, आणि भरगच्च फूल मिळते. जपानी लोक या प्रकारास ‘बोतान’ म्हणतात.

वांझ फुलाचे बी

येथेच या विषयाचे मर्म आहे. ज्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर यांचेच रूपांतर पाकळ्यांत झाले, त्यास बी कोठून धरणार? अत्यंत सुंदर असे हे फूल वांझ असते. ते वर्षायू वेलीवर येते, आणि वेल वाळली की मागे काहीही उरत नाही. असे असता हे प्रकार पावणेदोनशे वर्षे टिकले कसे?

त्याचे उत्तर वेलीच्या साध्या दिसणाऱ्या भावंडांत आहे. हा गुण अप्रभावी असतो. म्हणजे आई व बाप या दोहोंकडून तो आला तरच प्रकट होतो. एकीकडूनच आला तर वेल साधी दिसते, परंतु गुण तिच्यात गुप्त राहतो. अशा गुप्त गुणाच्या वेलीचे स्वपरागित बी पेरले, तर सरासरीने ४ रोपांपैकी १ रोप भरगच्च फुलाचे निघते. उरलेली ३ साधी दिसतात. पण त्यांपैकी २ मध्ये गुण गुप्त असतो व १ मध्ये तो मुळीच नसतो. या साध्या भावंडांचे बी दर वर्षी राखले, तरच पुढील वर्षी नवलफूल पुन्हा दिसते. बी धरणाऱ्या प्रकारास जपानी बागवान ‘मासाकी’ आणि वांझ प्रकारास ‘देमोनो’ म्हणत. ग्रेगर मेंडेल यांचा वाटाण्यावरील प्रबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला व १९०० पर्यंत तो जगाच्या विस्मृतीत होता. परंतु एदो शहरातील माळी व हौशी लोक त्याच्या आधीपासून केवळ अनुभवाच्या बळावर भावंडांचे बी वेगळे राखीत आले होते.

हे ज्ञान हरवले तर काय होते, याचे उदाहरण त्याच देशात आहे. जुन्या जपानी पुस्तकांत पिवळ्या आसागाओचे उल्लेख व चित्रे आढळतात. तो प्रकार आज कोठेही उरलेला नाही. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी स्नॅपड्रॅगन या फुलझाडाचा जनुक घालून आसागाओचे पिवळे फूल मिळविले, त्यासाठी आधुनिक जीवतंत्रज्ञानाची सारी शक्ती वेचावी लागली. एकेकाळी जे बी कोणाच्या तरी घरी कागदाच्या पुडीत असावे, त्याची भरपाई इतकी महाग पडते. उरलेल्या प्रकारांपैकी पुष्कळ आज क्यूशू विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेले आहेत. साकुरा येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या वनस्पती-उद्यानात ते दर उन्हाळ्यात प्रदर्शितही होतात.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. एका गावी एका वृद्ध बाईंच्या परसात पांढऱ्या फुलावर निळे पट्टे असलेली जुनी निळवेल प्रस्तुत लेखकाने पाहिली होती. शेजारणी हौसेने बी मागून नेत. त्या गडद निळ्या फुलांच्या फांद्यांचे बी पसंत करीत, कारण ती फुले ठसठशीत दिसत. परिणाम असा झाला की, चार-पाच पावसाळ्यांत त्या आळीत सर्वत्र एकरंगी निळी फुले झाली व पट्टे नाहीसे झाले. यात आश्चर्य नाही. ज्या फांदीवर सर्वच फुले एकरंगी येतात, तेथे रंगाचा जनुक बहुधा कायमचा मोकळा झालेला असतो, आणि तिच्या बियांतून मुख्यत्वे एकरंगी रोपेच निघतात. पट्टे हवे असतील तर पट्टेदार फुलाच्याच बोंडाचे बी धरले पाहिजे.

पेरणीचा काळ

निळवेल ही लहान दिवसांची वनस्पती होय. अधिक अचूक सांगावयाचे तर लांब रात्रीची. सलग अंधार पुरेसा मिळाला म्हणजे तिला कळ्या धरतात. जपानात जूनमध्ये रात्र फार लहान असते, त्यामुळे वेल प्रथम वाढते व नंतर फुलते. आपल्याकडे जूनमध्येही रात्र पावणेअकरा तासांच्या आसपास असल्याने वेल लवकर फुलावर येते. यास्तव कुंपणावर किंवा मांडवावर मोठी वेल चढवावयाची असल्यास जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बी लावावे, म्हणजे वाढीस सर्वांत जास्त अवधी मिळतो. कुंडीत आटोपशीर वेल हवी असल्यास ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ सोयीचा; रात्री मोठ्या होत असल्याने वेल लहान असतानाच कळ्या येतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पावसाने नाजूक फुले फाटतात, तेव्हा तेथे उशिराची पेरणी किंवा पडवीतील कुंडी हाच मार्ग बरा.

रात्री दिव्याचा उजेड वेलीवर पडू देऊ नये. मध्यरात्री थोडा वेळ उजेड मिळाला तरी लांब रात्रीचा परिणाम पुसला जातो व कळ्या धरत नाहीत. अंगणातील विजेच्या दिव्याखाली लावलेली वेल हिरवीगार वाढते पण फुलत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिचे कारण बहुधा हेच असते.

लागवड

बियांचे कवच टणक असते. बीच्या ज्या टोकाशी डोळा असतो, त्याच्या विरुद्ध बाजूस कानशीने किंवा चाकूने किंचित खरवडून आतील पांढरा भाग दिसू द्यावा व बी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे. सकाळी फुगलेले बी १ ते १.५ सेंटिमीटर खोल लावावे. उबदार हवेत ४ ते ७ दिवसांत अंकुर येतात. या वेलीची मुळे हलविलेली तिला मानवत नाहीत. म्हणून बी कायमच्या जागी लावावे, अथवा दोन बीजपत्रे उघडताच मातीच्या गड्ड्यासह रोप एकदाच हलवावे.

कुंडी २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची, तळाशी भोक असलेली घ्यावी. चाळलेली पोयटा माती २ भाग, कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत १ भाग व जाडी वाळू १ भाग असे मिश्रण करावे. निचरा उत्तम असावा, परंतु कुंडी कोरडी पडू देऊ नये. भर उन्हात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते. नत्रयुक्त खत बेताने द्यावे, अन्यथा पाने माजतात व फुले मागे पडतात. कळ्या दिसू लागताच पंधरवड्यातून एकदा पेंडीचे निवळलेले पाणी दिले म्हणजे पुरे. वेलीला किमान पाच-सहा तास ऊन हवे. सकाळचे ऊन सर्वोत्तम.

कुंडीच्या कडेला बांबूच्या तीन-चार कामट्या रोवून त्यांना तारेची किंवा वेताची तीन कडी आडवी बांधावीत, म्हणजे कंदिलासारखा सांगाडा तयार होतो. सात-आठ पाने आल्यावर शेंडा खुडावा व फुटलेल्या फांद्यांपैकी एक-दोन जोमदार फांद्या ठेवून त्या सांगाड्यावर फिरवाव्यात. वरून पाहिले असता ही वेल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गुंडाळते. आपण बांधतानाही तीच दिशा राखावी. उलट गुंडाळल्यास ती स्वतःस सोडवून घेते.

रोपे लहान असतानाच काही गुण ओळखता येतात. ज्याच्या बीजपत्राखालील देठावर तांबूस-जांभळी छटा असते, त्यास बहुधा रंगीत फूल येते. देठ निव्वळ हिरवा असल्यास फूल पांढरे निघण्याचा संभव अधिक. पट्टेदार प्रकारात देठावरही बारीक रंगीत रेघा पुष्कळदा दिसतात. बीजपत्रांचा आकार इतरांहून वेगळा, अरुंद, चिरलेला किंवा चुरगळलेला असेल, तर ते रोप रोगट समजून उपटून टाकू नये. नवलफुलाची पहिली सूचना अनेकदा अशा वेड्यावाकड्या बीजपत्रातूनच मिळते.

फूल पाहावे कसे?

संध्याकाळी अंधार पडल्यापासून सुमारे १० तासांनी हे फूल उमलते. पावसाळ्यात व हिवाळ्याच्या तोंडी आपल्याकडे ती वेळ पहाटेची असते. आदल्या सायंकाळी जी कळी पीळ सैल करून लांबलेली दिसते, ती दुसऱ्या दिवशी उमलणार हे निश्चित. कडक उन्हात फूल नऊ-दहा वाजताच मिटते, ढगाळ थंड दिवशी दुपारपर्यंत टिकते. तेव्हा दारातील कुंडी डोळ्यांच्या उंचीवर ठेवावी व सकाळची कामे सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे तिच्यापुढे उभे राहावे. फुलाचा रंग, काठ, नळीचा आतला भाग, पाकळीवरील पाच शिरांची चांदणी आणि पानाचा आकार या पाच गोष्टी पाहून वहीत टिपाव्यात. घरातील मुलांना हे काम सोपवले तर ती ते आवडीने करतात, आणि कोणत्या फांदीवर काय आले याची नोंद आपोआप राहते. या नोंदीवरच पुढील बी-निवड अवलंबून आहे.

बी धरण्याची रीत

निळवेल बहुतांशी स्वपरागित आहे. फूल उमलण्याच्या सुमारास पुंकेसर लांबतात व त्यांचे पराग स्त्रीकेसरास लागतात. तरीही मधमाश्या एका वेलीचे पराग दुसरीकडे नेतात. यास्तव निवडलेल्या कळीचे टोक आदल्या सायंकाळी मऊ दोऱ्याने सैलसर बांधावे किंवा कळीवर पातळ कागदाची पिशवी घालावी आणि देठास रंगीत धागा बांधून खूण ठेवावी. एका वेलीवर अशी दहा-बारा बोंडे पुरेत. बाकीची फुले सुकताच खुडली तर वेल अधिक काळ फुलत राहते.

सुमारे दीड महिन्यात बोंड तपकिरी व कागदासारखे होते. ते फुटून बी सांडण्यापूर्वी काढावे. एका बोंडात बहुधा ४ ते ६ बिया असतात. त्या सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवाव्यात व पुड्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे. प्रत्येक वेलीचे बी स्वतंत्र पुडीत असावे, ते कधीही एकत्र करू नये. पुडीवर वेलीचा क्रमांक, वर्ष, तिचे स्वतःचे फूल कसे होते आणि तिच्या भावंडांत कोणते नवल दिसले, या चार गोष्टी लिहाव्यात.

भरगच्च फुलाचा प्रकार लाभला तर पुढील हिशेब ध्यानात ठेवावा. वांझ वेलीच्या साध्या भावंडांपैकी किमान ४ वेलींचे बी वेगवेगळे धरावे. चारही वेली गुप्त गुणाविना असण्याचा संभव ८१ मध्ये १ इतका अल्प आहे. पुढील वर्षी प्रत्येक पुडीतील १२ बिया लावाव्यात. ज्या वेलीत गुण गुप्त आहे, तिच्या १२ रोपांत एकही भरगच्च न निघण्याचा संभव १०० मध्ये सुमारे ३ असतो. ज्या पुडीतून नवलफूल निघेल तीच ओळ पुढे चालवावी, आणि तिच्यातील साध्या वेलींचे बी पुन्हा याच रीतीने धरावे. जागा थोडी असल्यास चार पुड्या दोन वर्षांत विभागून पाहाव्यात. नीट वाळविलेले बी तेवढे सहज टिकते. एका वेळी दोन वांझ गुणांच्या मागे मात्र लागू नये, कारण तेव्हा १६ रोपांत सरासरी १ च इष्ट रोप मिळते व परसाची जागा अपुरी पडते. चिरलेले पान, पांढरा काठ, फिका रंग यांसारखे बी धरणारे गुण आधी त्या ओळीत पक्के करून घ्यावेत, म्हणजे वेगळा होणारा गुण एकच राहतो व चारास एक हे प्रमाण सुटत नाही.

सावधगिरीच्या सूचना

निळवेलीवर सोनेरी कासवकिडे पाने कुरतडतात, आणि शेपटीवर शिंग असलेली मोठी अळी एका रात्रीत फांदी ओरबाडते. परसातील एक-दोन वेलींसाठी त्या हाताने वेचणे हाच उत्तम उपाय होय. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी दिसल्यास पाने धुवून काढावीत व निंबोळी अर्काची फवारणी करावी. पानांखाली पांढरे फोड आणणारा तांबेरा दिसताच ती पाने काढून नष्ट करावीत. रताळ्याचे पीक असलेल्या जागेजवळ निळवेल लावू नये, कारण रताळ्यातील सोंड्या किडीस ही भावंडे आश्रय देतात.

हीच वेल कापूस, सोयाबीन किंवा उसात शिरली तर तण ठरते. वेल परसाबाहेर जाऊ देऊ नये, जास्तीची बोंडे वाळण्यापूर्वी काढून टाकावीत आणि नको असलेले बी उकिरड्यावर किंवा बांधावर फेकू नये. बी पोटात गेल्यास जोराचे जुलाब व इतर विकार होतात. म्हणून बरणी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, तिच्यावर ‘खाण्याचे नव्हे’ असे ठळक लिहावे आणि घरगुती औषध म्हणून या बियांचा प्रयोग करू नये.

परदेशातील नातलगांकडून नवलफुलांचे बी मागविण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना व तेथील आरोग्य-प्रमाणपत्र यांशिवाय बी आणता येत नाही. बियाबरोबर नवा रोग आला तर नुकसान एका परसापुरते राहत नाही. शिवाय घाई करण्याचे कारणही नाही. बाजारातील मिश्र बियांत पांढऱ्या काठाचे, पट्टेदार व भरगच्च प्रकार अधूनमधून मिळतात. दोन-तीन पाकिटांची रोपे क्रमांक घालून वाढविली, तर पहिल्याच वर्षी निवड करण्याजोगे काहीतरी हाती लागण्याचा संभव असतो.

शेवटी एक गोष्ट भाजीपाल्याविषयी. वाल, चवळी, भेंडी, दोडका यांचे घरचे बी अजूनही अनेक घरांत राखले जाते, आणि तेथेही बहुधा भरघोस दिसणाऱ्या वेलीचे बी एकाच पुडीत जमा होते. दोडक्यासारख्या परपरागित वेलीत स्वपरागाचे हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे खरे. परंतु प्रत्येक झाडाचे बी वेगळे ठेवणे, त्यावर नाव-वर्ष लिहिणे आणि साध्या दिसणाऱ्या झाडाला नुसत्या रूपावरून बाद न करणे, ही शिस्त सर्वत्र उपयोगी आहे. निळवेलीच्या एका कुंडीत ती शिस्त अल्प खर्चात शिकता येते. तेव्हा येत्या मृगात बी भिजत घालण्याच्या दिवशीच कागदाच्या बारा पुड्या शिवून ठेवाव्यात, आणि प्रत्येकीवर शाईने क्रमांक घालून मगच पहिली बी मातीत लावावी.